डाएटच्या नावाखाली २५,३४८ रुपये गेले, निदान तुम्ही तरी वाचा

लिहायला लाज वाटतेय. मी बँकेत काउंटरवर बसते, लोकांना ओटीपी देऊ नका म्हणून सांगणारी मीच. रक्कम आधीच सांगून टाकते, १४,९९९ चं 'तीन महिन्यांत बारा किलो' पॅकेज, शेक पावडरचे तीन डबे, एक २,८५० ला म्हणजे ८,५५०, वर डिटॉक्स किट १,७९९.

पॅटर्न तोच, तुम्हाला माहितीये. पांढरा कोट, फ्रेममधलं सर्टिफिकेट, आजच्या आज भरले तर सूट. वजन ८१, गुडघे बोंबलतायत आणि समोर कोणी 'मॅम, मी आहे ना' म्हणालं की कोण फ्रेम वाचत बसतं? नंतर वाचली, तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स निघाला. डिग्री विचारा, आरडी म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन आहे का विचारा, लाजू नका.

पण खरी चीड स्वतःचीच येते. चार्टचा पीडीएफ आला, त्यावर दुसऱ्याच बाईचं नाव, वय ५२, खाली थायरॉइड. मी ३९ ची, मला थायरॉइड नाही, बीपीची गोळी आहे आणि ती तर त्या डाएटवाल्या मॅडमने विचारलीच नव्हती! फोन केला तर म्हणे टायपिंग मिस्टेक. आणि मी काय केलं, प्रिंट काढली, पेनाने ते नाव खोडून स्वतःचं लिहिलं आणि फ्रिजवर चिकटवली.

सकाळी जिरेपाणी आणि शेक, दुपारी काकडी नि वाटीभर मूग, संध्याकाळी सहा बदाम, रात्री सूप. पहिल्या आठवड्यात साडेतीन किलो उतरले, मी हवेत. अठराव्या दिवशी कुकर उतरवताना डोळ्यांपुढे अंधारी, ओट्याला धरून खाली बसले. आमच्या डॉक्टरांनी हिशोब केला, दिवसाला जेमतेम ७०० कॅलरी. ८०० च्या खालचं डाएट डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करायचंच नसतं, त्यात बीपीची गोळी चालू, आणि ते साडेतीन किलो म्हणे बरंचसं पाणीच होतं.

पैसे परत मागितले तर ब्लॉक. पोलीस चौकीत गेले, साहेब म्हणाले 'ताई, पैसे तुम्ही स्वतःच दिलेत ना, हे सिव्हिल मॅटर आहे', बाजूचा हवालदार हसला, 'चाला की सकाळी'. डब्यावर १४ अंकी एफएसएसएआय नंबर, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा नंबरच नाही म्हणून एका सरकारी ऑफिसात डबा घेऊन गेले तर ओरिजिनल बिल आणा, बिल व्हॉट्सॲपवर आलंय तर प्रिंट आणा, प्रिंट नेली तर शिक्का कुठाय, शिक्का काय मी मारू?, मग संबंधित साहेब ट्रेनिंगला, सोमवारी या, तीन सोमवार हाफ डे टाकलेत मी. त्यामुळे पक्कं बिल घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करून तक्रारीचा नंबर जपून ठेवा.

एक डबा सील न फोडता पुरावा म्हणून ठेवलाय, बाकी दोन रिकामे करून त्यात कपड्यांचे चिमटे भरलेत. काल नव्याच नंबरवरून मेसेज, 'हाय मॅम, वेट परत वाढलं का? रिन्यूअलवर ३०% ऑफ.'