सोमवारी ‘एलिफंटा स्पेशल’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

ह्यांचे मामा-मामी लातूरहून पहिल्यांदाच मुंबईला आले होते. बोटीत बसायचं, बेट बघायचं आणि ताजा पापलेट खायचा, एवढीच हौस. सोमवारी आम्ही दोघं कामावर, म्हणून ते आपले आपण गेटवेला गेले. तिथे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक जण गाठ पडला. “नेहमीच्या लाँच आज नाहीत काका, आमची स्पेशल बोट आहे.” माणशी दीड हजार, लेणी दाखवणार, परत आल्यावर ओळखीच्या हॉटेलात मासळीचं जेवण.

घारापुरीची, म्हणजेच एलिफंटाची, लेणी दर सोमवारी बंद असतात. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि लातूरच्या माणसाला ठाऊक नसणार हेही. बोट बंदरातच एक फेरी मारून, लांबून बेट दाखवून परत आली. “वरून परवानगी नाही मिळाली.” पैसे मागितले तर म्हणे डिझेल जळलं.

पण माझा खरा संताप झाला तो जेवणावरून. मी कोळ्याची लेक. आई अजून पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणून विकते. मामींनी हौसेने फोटो काढले होते म्हणून सगळं उघड झालं. एका फोटोत ट्रेमध्ये बर्फावर दोन मोठे, चकचकीत पापलेट, डोळे फुगीर आणि स्वच्छ. दुसऱ्यात ताटलीत आलेले तळलेले: वीतभरसुद्धा नाहीत, शेपटी तुटलेली, मांस काट्यापासून सुटून लगदा झालेलं. ताजा पापलेट तळल्यावर असा विस्कटत नाही. दाखवला एक, वाढला दुसराच! मेनूवर भावाच्या जागी ‘साइजप्रमाणे’, आणि बिल म्हणून वहीचा चिटोरा: ‘पापलेट २ – ४२००’. हॉटेलचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. असल्या लोकांमुळे पाहुणे आमच्या कोळीवाड्यांकडेही संशयाने बघतात, याचं फार वाईट वाटतं.

‘साइजप्रमाणे’ दिसलं की मासा समोर वजन करायला लावा आणि तळणीचे पैसे धरून एकूण किती होणार ते ऑर्डरआधीच लिहून घ्या. कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवा. बोटाने दाबलं तर खळगा राहता कामा नये. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. तेव्हा कुणी “आज सकाळीच बोटीवरून उतरलेला पापलेट” म्हणाला तर तिथून उठाच.

लाँचचं तिकीट गेटवेच्या खिडकीवरच काढा, वाटेत अडवणाऱ्याकडून नको. लेण्यांचं तिकीट भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना फुकट. ते लाँचच्या भाड्यात नसतं. चिटोरा आणि दोन्ही फोटो जपून ठेवलेत. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रारही केली आहे. तुमच्याकडेही गावाहून कुणी येणार असेल तर त्यांना सोमवारचं आधीच सांगून ठेवा.