कोरियन जॉयस्टिकच्या नावाखाली माझे ९,४०० रुपये गेले

आधीच सांगतो, मला यातलं कळतं. जपानी लीव्हरला, म्हणजे जॉयस्टिकला, वर चेंडूसारखी मूठ, खाली स्प्रिंग आणि बहुतेकदा चौकोनी गेट, म्हणजे दांड्याची हालचाल अडवणारी चौकट. अमेरिकन लीव्हर जाडजूड, बॅटसारख्या मुठीचा, हाताला कडक. कोरियन लीव्हरला स्प्रिंग नसतेच. दांडा रबरी ग्रोमेटमुळे, म्हणजे रबराच्या कड्यामुळे, झटकन मध्यावर परत येतो, म्हणून तर टेकन हा मारामारीचा व्हिडिओ गेम खेळणारे तोच शोधतात. एवढं माहीत असूनही फसलो, याचाच संताप होतो.

भावासाठी आणि माझ्यासाठी घरी आर्केड बॉक्स, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणं लावलेला गेमचा डबा, बनवत होतो. ऑनलाइन एकाने 'अस्सल कोरियन' लीव्हर ४,७०० ला एक असा भाव दिला. दोनाचे ९,४०० झाले, यूपीआयने, आगाऊ.

पैसे पाठवायच्या आधी मी खालच्या बाजूचा फोटो मागितला होता. आला. त्यात स्प्रिंग दिसत होती! मी विचारलंसुद्धा. उत्तर आलं, "नवीन मॉडेल आहे सर, आता स्प्रिंग देतात. शेवटचे दोन उरलेत." तिथेच फोन ठेवायचा होता. पण सहा महिने शोधून मिळत नव्हता, आणि समोरचा माणूस गेट, मायक्रोस्विच असं सगळं बरोबर बोलत होता. कोणीही विश्वास ठेवला असता.

पार्सलमध्ये स्प्रिंगचे दोन साधे लीव्हर निघाले. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात दाखवले, तर दुकानदार म्हणाला, साडेतीनशेला एक. तोवर विक्रेत्याने मला ब्लॉक केलं होतं. खालची बाजू दिसल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि दिसल्यावर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा.

चौकीत गेलो तर म्हणे, "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" फरक समजावत होतो, तर साहेब मोबाइल बघत होते. "खेळण्यासाठी एवढे पैसे?" असंही ऐकवलं. अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. तिसऱ्या खेपेला बँकेत जा म्हणाले. बँकेत उत्तर तयार होतं, "पिन तुम्हीच टाकलात." तीन अर्ध्या रजा गेल्या त्यात. चोर मोकळा आणि जाब मला!

पोच घेतल्याशिवाय चौकीतून उठू नका. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता. पैसे गेल्याचं कळताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मी नऊ दिवस विक्रेत्याच्या उत्तराची वाट बघत बसलो. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, तिथे आता अर्ज करतोय.

त्याची जाहिरात अजून चालू आहे. फोटोही तोच आहे, स्प्रिंगवाला.