देवनार की विलायत : पैसा खात्यात किती दिवस थांबतो?

दर दिवाळीच्या आसपास यवतमाळ-वाशीमकडून दोन-तीन फोन येतात. बी.एस.डब्ल्यू. किंवा बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेलं, एखाद्या संस्थेत वर्ष-दोन वर्षं गावोगाव फिरलेलं कुणीतरी विचारतं : दादा, मुंबईला सामाजिक उद्योजकता करू, की ब्रिटनला जाऊन आंतरराष्ट्रीय विकास? मी या दोन्ही दारांपर्यंत गेलो होतो, आत शिरलो एकाच. दुसऱ्यातून अमरावतीत माझा रूम पार्टनर असलेला मित्र गेला. त्यामुळे यातलं अर्धं अनुभवलेलं आहे आणि अर्धं रात्रीच्या फोनवर ऐकलेलं. तेवढं धरून वाचा.

विषयांच्या याद्या, फी, सत्रं हे सगळं तुम्ही पाहिलेलंच असणार. मुंबईत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सामाजिक उद्योजकतेचं, म्हणजे समाजाच्या प्रश्नावर स्वतःच्या कमाईने चालणारा उद्योग उभा करायला शिकवणारं, एम.ए. २००७ मध्ये सुरू झालं, ते दोन वर्षांचं. माझ्या वेळी संस्थेची स्वतःची परीक्षा होती, आता सीयूईटी-पीजी ही देशभरची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ब्रिटनमधलं एम.ए. एका वर्षात उरकतं आणि त्यातलाही उन्हाळा प्रबंधात जातो. तुळजापूरचा कॅम्पस, नागपूर-अमरावतीचं एम.एस.डब्ल्यू. हेही चांगले पर्याय आहेत. फोन करणाऱ्यांच्या मनात ते नसतात एवढंच.

आधी विलायतेच्या बाजूने बोलतो, कारण मित्राचा हेवा मला अजूनही वाटतो. तो ब्रायटनजवळच्या ससेक्स विद्यापीठात गेला. तिथली विकास अभ्यास संस्था १९६६ पासूनची. त्याच्या वर्गात मालीची एक मुलगी होती, घरी कापूस. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानाविरुद्ध एकत्र बाजू मांडली होती, हे त्याला तिच्याकडून कळलं. तो यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगावच्या जिनिंगसमोर लहानाचा मोठा झाला, पण भाव पडला की आम्ही व्यापाऱ्याला आणि सरकारला शिव्या द्यायचो. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या अनुदानाचा फटका आपल्या बैलबंडीपर्यंत पोचतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. ही नजर त्या अभ्यासाने येते आणि आमच्या अभ्यासात ती तितकी आली नाही, हे कबूल करायला हवं. मोठ्या देणगीदार संस्था, संयुक्त राष्ट्रं, धोरणाचं काम असं काही मनात असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

त्याचा प्रबंध मात्र आपल्याच जिल्ह्यावर होता. मे महिन्यात त्याचा फोन यायचा : रेशन दुकानाबाहेरच्या फळ्याचा फोटो पाठव, तेवढं बचत गटाचं रजिस्टर बघून सांग. मी भर उन्हात मोटरसायकलने फिरून त्याला माहिती पुरवायचो आणि तो तिकडे लायब्ररीत बसून त्याचे तक्ते करायचा. मैत्रीत हे चालतं. पण शिकत नेमकं कोण होतं, असा प्रश्न मला तेव्हाही पडायचा.

माझा निर्णय याने झाला नाही. तो झाला अठ्ठावीस दिवसांच्या एका नियमाने.

मलाही ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र आलं होतं, फीमध्ये थोडी सूटही होती. उरलेल्या पैशांसाठी बँकेत गेलो. साडेसात लाखांच्या वर तारण मागितलं. आमच्याकडे सात एकर कोरडवाहू, त्यावर पीककर्जाचा बोजा, आणि शैक्षणिक कर्जाला शेतजमीन चालत नाही. घर गावठाणातलं, ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरचं. साहेबांनी तो कागद उलटून पाहिला आणि परत दिला. मग काका, मामा, मोठ्या बहिणीचे सासरे असं करत पैसे बाबांच्या खात्यात गोळा केले. व्हिसाचा नियम असा, की फीची बाकी आणि राहण्याचा खर्च मिळून होणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात पाहिजे. एक दिवस जरी खाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

अभ्यासक्रम सप्टेंबरचा, म्हणजे हे २८ दिवस पडतात जून-जुलैत. मृग आणि आर्द्रा, बरोब्बर दोन नक्षत्रं. आपल्याकडे याच दिवसांत घरातला शेवटचा रुपया बियाण्या-खतात जातो. कापसाचा पैसा येतो डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये उसनवारी करून कर्ज नवं-जुनं करायचं, मे-जूनमध्ये तेच परत उचलायचं. आमच्या पासबुकातला आकडा कधी एका जागी बसलेला मी पाहिला नाही.

एकोणिसाव्या दिवशी बाबांनी चाळीस हजार काढले. पावसाने ओढ दिली होती, सोयाबीन उगवलंच नव्हतं, दुबार पेरणीला बियाणं आणायचं होतं. मी चिडलो. ते म्हणाले, "बापू, पैसा का बँकेत पायाले असते? वावर तसंच पडू देऊ का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुन्हा मोजायला सुरुवात करता आली असती, पण मुंबईची जागा हातात होती. मी गाडी पकडली.

यातली गंमत मला पुढे कळली. पावसाळ्याच्या तोंडावर गरीब घरात पैसा, धान्य आणि ताकद तिन्ही एकदम आटतात आणि पाहुणे तज्ज्ञ मात्र कोरड्या दिवसांत, डांबरी रस्त्यानेच येऊन जातात, हे आयुष्यभर सांगत आलेला माणूस म्हणजे रॉबर्ट चेंबर्स, त्याच ससेक्सच्या संस्थेतला. आपल्याकडे रांगोळीने गावाचा नकाशा काढून घेतात, त्या पद्धतीच्या प्रसारातही त्यांचा मोठा वाटा. मित्राला हे पहिल्याच सत्रात शिकवलं. फोनवर सांगताना तो हसत होता, मला हसू यायला जरा वेळ लागला.

मुंबईत पहिल्या सत्रात रोख रकमेचा महिनावार तक्ता करायला सांगितला, तेव्हा मी बाबांच्या पासबुकावरूनच केला. आठ महिने वजाबाकी. तोच तक्ता पुढे क्षेत्रकार्यात उपयोगी पडला. राळेगाव तालुक्यातल्या एका बचत गटाने अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल घेतली होती आणि ती वर्षातले नऊ महिने ताडपत्रीखाली असायची. सगळे म्हणायचे, विक्रीचं प्रशिक्षण द्या, पॅकिंग सुधारा. मशीन ठीक होतं, डाळही चांगली. अडचण अशी, की तूर येते जानेवारी-फेब्रुवारीत, तेव्हाच ती वर्षभराची विकत घ्यायची, डाळ मात्र किलो-किलोने खपणार आणि गटाच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याला. अध्यक्षबाई एका वाक्यात सांगायच्या, "तुरीत पैसा फसला." शेवटी तूर विकत घेणंच बंद केलं. शेतकऱ्याने आपली तूर आणायची, किलोमागे मजुरी द्यायची, चुणी, म्हणजे डाळ भरडताना उरणारा चुरा, गटाला ठेवायची. नफा लहान, पण पैसा अडकत नाही. हे कुठल्याही विद्यापीठात सुचलं असतं, असंही कुणी म्हणेल. मला ते चुणीच्या पोत्यावर बसून सुचलं.

या विषयाचा एक त्रासही सांगतो. प्रत्येक प्रश्नाचं दहा स्लाइडांत सादरीकरण करायची सवय लागते आणि कुपोषणालाही कमाईचं मॉडेल शोधलं जातं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, तो असं सादरीकरण करून नव्हे. मुंबईला गेलात तर हे अधूनमधून स्वतःलाच सांगावं लागतं.

पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली, तर माझं सगळं गणित उलटतं, कारण मग ते अठ्ठावीस दिवस तुमच्या घरावर पडत नाहीत. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं भारतात परतावं लागतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, जागा ७५. लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे चेव्हनिंगवरच लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले, आणि फोनवर त्यांचं नाव हटकून निघतं. तसं जमत असेल तर खुशाल जा, मी अडवणार नाही. अर्धी सूट आणि अर्धं कर्ज अशा बेतात असाल, तर मी तरी मुंबईचा फॉर्म आधी भरीन.

मित्र सध्या दिल्लीत एका मोठ्या संस्थेत आहे, पगार माझ्या दुपटीहून जास्त. गेल्या जूनमध्ये त्याचा फोन आला, एका अहवालासाठी : डाळ मिल सुरू आहे का, जरा बघून सांगशील? मी तिथेच होतो. पट्टा तुटला होता आणि बाया यवतमाळहून नवीन येण्याची वाट बघत होत्या.