आठ महिने मोबाईलवर थ्रीडी रेणू: पहिले चार डबे काळे का पडायचे?

सोलापुरात बारावीच्या पोरांना बायोलॉजी शिकवतो. जूनपासून मोलस्टार आणि थ्रीडीमोल ही रेणू थ्रीडीत फिरवून दाखवणारी दोन्ही साधनं वापरतोय. दोन्ही फुकट, ॲप नको, लॉगिन नको, ब्राउझर उघडला की काम सुरू. आधी तसलंच जेएसमॉल वापरायचो, पण ते ग्राफिक्स चिप न वापरता सगळं जावास्क्रिप्टनंच रंगवतं, त्यामुळं मोठं प्रोटीन फिरवायला गेलं की अडकत अडकत चालायचं.

आता तक्रार. थ्रीडीमोलची एक जुनी फाइल उतरवून मी घरीच एक पान बनवलं, त्यात बारा रेणूंचे बारा डबे. लॅपटॉपवर एकदम झकास. पोरांच्या मोबाईलवर मात्र पहिले चार काळे! माझ्या फोनवर पण तेच. ऑक्टोबर हीटचे दिवस होते, फोन हातात धरवत नव्हता, म्हणून नवी पेठेत एका दुकानात नेला. तो म्हणाला उन्हानं डिस्प्ले चाललाय, सॉफ्टवेअर मारावं लागंल. ३५० रुपये घेतले. घरी येऊन बघतोय तर तेच चार काळे. परत गेलो तर म्हणतो आता डिस्प्लेच बदला. पैसे काही परत दिले नाहीत, अजून राग येतो.

फोन ठणठणीत होता हो! अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एका वेळी वेबजीएलचे (ब्राउझरमधी थ्रीडी चित्र काढायची सोय) आठच डबे चालू राहतात, लॅपटॉपवर सोळा. नववा उघडला की सगळ्यात जुना बंद. बारातून आठ गेले, राहिले चार, हिशोब तंतोतंत. पण स्क्रीनवर त्याची एक ओळ सुद्धा येत नाही, नुसता काळा चौकोन. साधा मेसेज दिला असता तर माझे पैसे वाचले असते, पोरांचा तास वाचला असता.

याच्यासाठी रेटिंगमधले दोन स्टार कापणार होतो. मग पान बदललं, बाराही साधे फोटो ठेवले, ज्याला बोट लावाल तेवढाच जिवंत होतो. डेटा कमी, बॅटरी कमी, आणि आधीपेक्षा पान पटकन उघडतं, त्यामुळं तेवढा राग गेला.

आणि मोलस्टारवर २एचबीएस या कोडची रचना उघडून बघाच, सिकल सेलचं, म्हणजे लाल रक्तपेशी वाकड्या करणाऱ्या आजाराचं, हिमोग्लोबिन. वरच्या सिक्वेन्सच्या पट्टीत बीटा साखळीतल्या सहाव्या जागेवरच्या व्हॅलिन या अमिनो ॲसिडवर बोट ठेवलं की चित्र तिथंच जाऊन थांबतं. निरोगी माणसात तिथं ग्लुटामिक ॲसिड असतं. हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत, ८५चं फेनिलअलॅनिन आणि ८८चं ल्युसीन यांच्यामधी, अगदी रुतून बसलेलं दिसतं. फळ्यावर हे मी दहा वर्षं खडूनं काढत आलो, पण मोहोळहून एसटीनं येणाऱ्या एका पोरीनं तडा गेलेल्या स्क्रीनवर दोन बोटांनी ते मोठं केलं आणि म्हणाली, "सर, हे तर एकमेकाला चिकटायलेत की, म्हणूनच पेशी वाकडी होते ना?"

एकच राहिलंय. पान खाली सरकवायला जावं तर बोट रेणूवर पडतं आणि रेणूच फिरत बसतो. असं पान बनवणार असाल तर डब्याच्या कडेला बोटभर जागा मोकळी सोडा.