उत्तर उमटताना दिसतं, पण ते संपलं हे कोण सांगणार? एआय ॲपच्या आठ महिन्यांच्या वापराचा अनुभव

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक मामा माझ्या सेंटरवर परत आले. हातात मीच काढून दिलेला अर्ज, त्यावर आवकचा शिक्का. म्हणाले, "ताई, साहेब म्हणायलेत, तुमाला पायजे काय ते ह्याच्यात लिवलंच न्हाई." मी कागद हातात घेतला, वाचला आणि पोटात गोळाच आला. अर्ज खरंच अर्धा होता. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मांजरेचं पाणी शेतात शिरलं, सोयाबीन उभ्यानं सडलं, शेजारच्या गटांचे पंचनामे झाले, एवढं सगळं व्यवस्थित लिहिलेलं. पण "माझ्या गटाचा पंचनामा करून यादीत नाव घ्यावं" ही मागणी, गट नंबर, क्षेत्र, सोबत जोडलेल्या कागदांची यादी, यातलं काहीच नाही. शेवटचं वाक्य पूर्ण, पूर्णविरामासहित. त्याखाली मी नेहमीसारखं "आपला विश्वासू" टाकलं, मामांचा अंगठा घेतला आणि पाठवून दिलं होतं.

ती चूक माझी, न वाचता प्रिंट दिली म्हणून. पण त्यातला मोठा वाटा ॲपचा आहे असं मी आजही म्हणते, आणि हे लिहायला बसले ते त्यासाठीच.

आमचं लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं सेंटर तहसीलपासून चालत पाच मिनिटांवर. सातबारा, आठ-अ, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती ही रोजची कामं. अर्ज लिहून द्यायचे तीस रुपये. जून २०२५ पासून मी अर्जाचे मसुदे एका एआय ॲपवर करते, पैसे भरून. ॲपचं नाव देत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते अशा जवळजवळ सगळ्याच ॲपना लागू आहे. मराठी कशी लिहितं, खरं किती, खोटं किती, यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. मी फक्त एकाच गोष्टीवर लिहिणार आहे: उत्तर एकदम न येता शब्द-शब्द उमटत येतं, त्यावर.

पहिला महिना मला त्याचा नुसता वैताग आला. समोर चार माणसं उभी, दुपारी वीज जायची भीती, आणि हे आपलं सावकाश टिपत बसलंय. एक काका स्क्रीनकडं बघून विचारायचे, "आजून लिहायलंय का ते?" सेटिंगमध्ये शोधलं तर पूर्ण उत्तर एकदम दाखवायची सोय सापडली. लगेच चालू केली. दोनच दिवस टिकली. मोबाइलवर वेळ लावून पाहिला: एक पानी अर्जाला साधारण अठ्ठावीस सेकंद. तेवढा वेळ स्क्रीन कोरी. नेट गेलं की काम चालू आहे, काही कळायचं नाही. मी दोनदा बटण दाबायचे, दोनदा उत्तर यायचं, आणि दिवसाच्या मोजक्या प्रश्नांतला एक फुकट जायचा. परत उमटत येणारं चालू केलं, तर पहिला शब्द दोन सेकंदांत दिसतो आणि शेवटचा अठ्ठाविसाव्यालाच. एकूण वेळ तेवढाच. म्हणजे हे जलद नाही, फक्त वाट बघणं सोपं होतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर महिनाभर चिडचिड केली नसती.

जुलैपासून माझं मत पार बदललं. मी उमटणारा मजकूर मोठ्यानं वाचायला लागले. अर्जदार समोरच्या स्टुलावर बसून ऐकतो आणि तिथंच टोकतो. एका मावशींच्या अर्जात ॲपनं "विहीर" लिहिलं, तशा त्या ओरडल्या, "थांबीव थांबीव, बोअर हाय माय, हीर न्हाई." थांबवायचं बटण दाबलं, दुरुस्ती सांगितली, पुन्हा सुरू. कधी पहिल्याच ओळीत हिंदी वळणाचं "माननीय जिलाधिकारी" आलं की मी तिथंच थांबवते. याचं कारण मला नंतर कळलं. ॲपच्या आतलं मॉडेल, म्हणजे मजकूर तयार करणारा प्रोग्राम, पुढचा तुकडा ठरवतं ते आधी लिहिलेलं सगळं बघून, आणि लिहून झालेलं मागं जाऊन खोडत नाही. वरच्या ओळीत बोअरची विहीर झाली की खाली विहिरीचा गाळ काढण्यापर्यंत गोष्ट जाते. म्हणून चूक दिसली की तिथंच अडवायची. पूर्ण होऊ देऊन मग दुरुस्त करा म्हणणारे आहेत, पण माझा अनुभव वेगळा आहे. पूर्ण झालेल्या अर्जावर नजर नुसती फिरते, उमटणाऱ्या अर्जावर ती टिकते. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही आपला अर्ज आपल्यासमोर तयार होताना ऐकता येतो, बदलता येतो. आमच्या भागात लेखनिकासमोर बसून "लिव्हा साहेब" म्हणायची जी रीत होती, ती यात परत आली. या एका गोष्टीसाठी मी ॲपला पैकीच्या पैकी गुण देते.

आणि मराठी उमटताना बघणं हा वेगळाच प्रकार आहे. कधी "अर्ज" शब्द तुटून येतो. आधी "अर" दिसतं, मग र चा पाय मोडतो, आणि ज आला की तोच र उडी मारून त्याच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. "शेतकऱ्यांना" तर मी कितीदा बघितलाय. आधी नुक्त्याचा ऱ उघडाच, मग य येतो आणि दोघं जुळतात. एकदा एका अक्षराच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह क्षणभर चमकून गेलं. मला वाटलं फॉन्ट बिघडला.

याचा उलगडा भाच्यानं केला. तो नांदेडला इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीला आला होता. बाइट म्हणजे संगणकातल्या मजकुराचं छोटं माप. नेटवर मजकूर पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत (यूटीएफ-८) देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची, इंग्रजी अक्षर एका बाइटचं. "शेतकऱ्यांना" मध्ये काने-मात्रे धरून ११ खुणा, म्हणजे ३३ बाइट. मॉडेल अक्षरं ओळखत नाही, ते टोकन नावाचे तुकडे ओळखतं, आणि तुकडा कधी अक्षराच्या मध्येच पडतो. अर्धं अक्षर पोचलं आणि ॲपनं तेवढंच दाखवायचा प्रयत्न केला की ते प्रश्नचिन्ह दिसतं. बाकीचे बाइट येईपर्यंत थांबणं हे ॲप बनवणाऱ्याचं काम. मराठीला तुकडे जास्त लागतात, म्हणून तेच उत्तर इंग्रजीपेक्षा सावकाश येतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं मे २०२४ मध्ये जीपीटी-४ओ हे मॉडेल आणलं तेव्हा त्यांनीच दाखवलं होतं की त्यांच्या नमुन्यातल्या मराठी मजकुराला आधी ९६ टोकन लागायचे, नव्या पद्धतीत ३३. म्हणजे आपली भाषा कित्येक दिवस जवळजवळ तिप्पट भाडं भरत होती. हे ऐकून मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

आता मूळ भांडणाकडं येते. मामांचा अर्ज तुटला त्या दिवशी पाऊस होता आणि नेट येत-जात होतं. मी कस्टमर केअरला लिहिलं की अर्धं उत्तर पूर्ण म्हणून दाखवलं गेलं. उत्तर आलं, "कृपया आपले इंटरनेट तपासा." दुसऱ्यांदा लिहिलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा स्क्रीनचा फोटो जोडला, तर "ॲप अपडेट करा." अपडेट केलेलंच होतं. नेट माझं गेलं हे मला मान्य आहे. मराठवाड्यात पावसाळ्यात नेट जातंच, त्याची तक्रार मी करत नाहीये. माझा प्रश्न एवढाच होता की उत्तर संपलं की तुटलं, हे तुम्हाला कळतं का?

कळतं, हे भाच्यानं दाखवलं. माझ्याच कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्कची खिडकी उघडली आणि एक साधा प्रश्न विचारला. एकामागून एक ओळी पडायला लागल्या, प्रत्येकीच्या सुरुवातीला "डेटा" आणि पुढं शब्दाचा तुकडा. सर्व्हर-सेंट इव्हेंट्स म्हणतात त्या पद्धतीला. एकच कनेक्शन उघडं ठेवायचं आणि सर्व्हरनं जसा तुकडा तयार होईल तसा ढकलत राहायचा. उत्तर पूर्ण झालं की शेवटी कारण येतं: मॉडेल आपणहून थांबलं तर "स्टॉप", लांबीची मर्यादा संपून कापलं गेलं तर "लेंग्थ". त्यानंतर एक शेवटची ओळ, "डन". मग त्यानं मुद्दाम मध्येच वाय-फाय बंद केलं. ओळी थांबल्या. ना कारण, ना "डन". आणि वर ॲपच्या पानावर? अर्धं उत्तर शांतपणे बसलेलं, खाली कॉपी करायचं बटण, पूर्ण उत्तराखाली येतं तसंच. मी ते बघून खरंच चिडले. तीन वेगवेगळे शेवट त्यांच्यापर्यंत पोचतात, त्यांना फरक माहीत असतो, आणि मला तिन्ही एकसारखे दाखवतात.

एक आडवा पुरावा कधी कधी मिळतो. ॲप ठळक शब्दाच्या आधी दोन तारे टाकतं आणि शब्द पूर्ण झाला की ते गायब होतात. मध्येच तुटलं की तारे उघडे राहतात. तसे तारे दिसले की मी समजते, काहीतरी राहिलंय. मामांच्या अर्जात तुटलं नेमकं पूर्णविरामावर, म्हणून तोही पुरावा नव्हता.

आपल्याकडं हा प्रश्न कितीतरी आधी सुटलेला आहे. शिवकाळातल्या पत्रांत वर राजमुद्रा असायची आणि खाली शेवटी "मर्यादेयं विराजते" अशी छोटी मोर्तब. मजकूर इथं संपला, यापुढं कुणी काही जोडू नये आणि वाचणाऱ्यालाही कळावं की पत्र पूर्ण आहे. "लेखनसीमा" हा शब्द तिथलाच. कागदावर जे कारकुनांना सुचलं, ते महिन्याला पैसे घेणाऱ्या ॲपला का सुचू नये? फार मोठं काम मागत नाहीये मी. शेवटी एक बारीक खूण. आणि तुटलं तर लाल अक्षरात "उत्तर अपूर्ण आहे", एवढंच.

त्यांच्याकडून होईना म्हणून मी माझा उपाय केला. प्रत्येक अर्जाच्या सूचनेत लिहिते: सगळं झाल्यावर शेवटच्या वेगळ्या ओळीत "लेखनसीमा" असं लिही. तो शब्द दिसल्याशिवाय प्रिंट नाही, आणि प्रिंटच्या आधी तो खोडायचा. ऑक्टोबरच्या शेवटापासून हे करतेय. दोनदा अर्ज पूर्ण असूनही ॲप तो शब्द लिहायला विसरलं, म्हणून खालपासून वर एकदा वाचणं सुटलेलं नाही. पण नेट तुटलेले पाच अर्ज या शब्दामुळं माझ्या हातात वेळेवर अडकले. त्यातला एक पीकविम्याचा होता. तिथं अर्धा कागद गेला असता तर त्या घराचं काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

अजून थोडं. आधार नंबर आणि बँक खातं मी ॲपमध्ये कधीच टाकत नाही, जागा कोरी ठेवून नंतर हातानं भरते, हे सेंटर चालवणाऱ्या सगळ्यांनी पाळा. भाच्यानं त्याच्या लॅपटॉपवर ओलामा नावाचं सॉफ्टवेअर टाकून नेटशिवाय चालणारं छोटं मॉडेलही दाखवलं. तेही तसंच उमटत येतं, नेट तुटायची भीती नाही, पण माझ्या कामाला ते अजून पुरत नाही. त्याची मराठी कच्ची आहे आणि जुन्या मशीनवर ते फारच रेंगाळतं.

मामांना दुसरा अर्ज मी फुकट करून दिला, एसटीचं जाण्यायेण्याचं भाडंही दिलं. ते घेत नव्हते, खिशात कोंबलं. या वेळी त्यांना पूर्ण वाचून दाखवला, मागणी, गट नंबर, क्षेत्र, जोडलेले कागद, सगळं. ते प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. पोचपावतीची झेरॉक्स माझ्या फाइलला लावून ठेवलीय.

ॲप मी सोडलेलं नाही, कारण समोर बसलेल्या माणसाला ऐकवत अर्ज लिहायची ही सोय मला दुसरीकडं कुठं मिळाली नाही. वर्षाचं पॅकेज एकदम घेतलं तर दोन महिने मोफत, असं ते रोज उघडल्या-उघडल्या दाखवतंय. माझी तक्रार अजून उघडीच आहे. तोपर्यंत मी महिन्याचेच भरतेय.