बीजिंगच्या ल्यूलीछांगमधून आणलेली शाई: कांडी आणि बाटली

गेल्या वर्षी बीजिंगला जाणे झाले, तेव्हा ल्यूलीछांग या जुन्या रस्त्यावरून मी लेखनसाहित्य विकत आणले: शाईची एक कांडी, ती उगाळण्यासाठी एक लहानसा दगड, शेळीच्या केसांचा एक कुंचला, शुआन या चिनी हातकागदाचे काही ताव आणि तयार शाईची एक बाटली. वर्षभर जवळजवळ रोज पहाटे या वस्तू वापरल्यानंतरच हा अभिप्राय लिहीत आहे, कारण या वस्तूंविषयी पहिल्या आठवड्यात झालेले माझे मत आणि आजचे मत यांत बराच फरक पडला आहे. शाई घ्यायला गेलेली मी चिनी साम्राज्यातील विद्वानांच्या आयुष्याविषयी काही शिकून परतले. ते आयुष्य दोन जागांत वाटले गेले होते, एक सरकारी पदांसाठीच्या परीक्षेची कोठडी आणि दुसरी स्वतःची अभ्यासिका. बाटली पहिल्या जागेची आहे आणि कांडी दुसऱ्या जागेची.

आधी रस्त्याविषयी. मेट्रोच्या हेपिंगमेन स्थानकावरून दक्षिणेला चालत गेले की दहा मिनिटांत ल्यूलीछांग लागतो. ल्यूली म्हणजे झिलईची रंगीत कौले. युआन आणि मिंग काळात राजवाड्यांसाठी लागणारी ही कौले भाजण्याच्या भट्ट्या इथे होत्या आणि त्यावरून नाव पडले. छिंग या मांचू राजवटीत हान, म्हणजे बहुसंख्य चिनी समाजातल्या, अधिकाऱ्यांना शहराच्या आतल्या भागात राहू दिले जात नसे, त्यामुळे त्यांची वस्ती तटाच्या दक्षिणेला झाली. प्रांताप्रांतांतून राजधानीच्या परीक्षेसाठी येणारे उमेदवारही याच भागात आपापल्या प्रांताने बांधलेल्या उताराच्या वाड्यांत मुक्काम करीत. जिथे विद्वान राहतात तिथे पुस्तकांची दुकाने येणारच. १७७३ मध्ये छियानलोंग सम्राटाने ‘सिकू छ्वानशू’ या प्रचंड ग्रंथसंग्रहाचे काम सुरू केले, तेव्हा संपादक मंडळींनी हवी ती पोथी शोधण्यासाठी याच गल्लीत फेऱ्या मारल्या. ३,४०० हून अधिक ग्रंथ हाताने नकलून त्या संग्रहाच्या सात प्रती तयार झाल्या. त्याच मोहिमेत सत्तेला न रुचलेले २,००० हून अधिक ग्रंथ बंदी घालून नष्ट केले गेले, हेही विसरता येत नाही. संग्रहाचा प्रमुख संपादक जी युन हा शाईच्या दगडांचा इतका शौकीन होता की त्याने आपल्या अभ्यासिकेला ‘नव्व्याण्णव दगडांची खोली’ असे नाव दिले होते. आज दिसणारी दुकानांची रांग मात्र १९८० च्या दशकात जुन्या धाटणीने नव्याने बांधलेली आहे. रंगवलेले खांब आणि तुळया पाहून हे सारे छिंगकालीन आहे असे समजू नये.

कांडी मी रोंगबाओझाय या दुकानातून घेतली. १६७२ मध्ये ‘सोंगझूझाय’ या नावाने कागद-शाईचे दुकान म्हणून त्याची सुरुवात झाली आणि १८९४ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्या वेळी नावाची पाटी लिहून देणारा लू रुनश्यांग हा १८७४ च्या राजपरीक्षेत सबंध देशात पहिला आलेला विद्वान होता. दुकानदाराने पाटीसाठी देशातला पहिला क्रमांक शोधावा, यावरून गिऱ्हाईक कोण होते ते कळते. आत गेल्यावर कोणी मागे लागत नाही. कांड्यांच्या काचपेटीसमोर मी बराच वेळ उभी राहिले, तेव्हा तिथल्या बाईंनी न विचारता दोन कांड्या बाहेर काढल्या, दोन्हींचे पाणी एकाच कागदावर ओढून दाखवले आणि कागद वाळेपर्यंत थांबायला सांगितले. वाळल्यावर एक रेघ किंचित निळसर आणि मंद दिसू लागली, दुसरी तकतकीत आणि उबदार काळी. पहिली पाइनच्या लाकडाच्या काजळीची, दुसरी तेलाच्या दिव्याच्या काजळीची. ओल्या शाईत हा फरक दिसतच नाही, आणि ते समजावण्यासाठी त्यांनी दिलेली ती पाच-सात मिनिटे हीच माझ्या दृष्टीने या दुकानाची खरी सेवा होती. ठशांनी चित्रे छापण्याचे इथले काम वरच्या मजल्यावर पाहायला मिळाले तर अवश्य पाहावे. ‘हान शीझायची रात्रीची मेजवानी’ या जुन्या गुंडाळी-चित्राच्या प्रतिकृतीसाठी या कारागिरांनी १,६६७ लाकडी ठसे कोरले होते.

आता कांडीविषयी, कारण या अभिप्रायाचे कारण तीच आहे. माझी कांडी तेलाच्या काजळीची, बोटाएवढी लांब, वजनाला अपेक्षेपेक्षा हलकी. काजळीत सरस मिसळून तो गोळा पुष्कळ वेळ कुटतात, त्यात कापरासारखे सुगंधी पदार्थ घालतात, लाकडी साच्यात दाबतात आणि महिनोन्‌महिने उलटसुलट करीत सावलीत वाळवतात. काजळीची शाई आपल्याला परकी नाही. आपल्या पोथ्यांच्या शाईत काजळी आणि डिंक असे, चिनी शाईत डिंकाच्या जागी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला सरस असतो. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

दगडाच्या उतरत्या भागावर चमचाभर गार पाणी घ्यायचे आणि कांडी उभी धरून सावकाश गोल फिरवायची. ज्यांनी घरी सहाणेवर चंदन उगाळले आहे, त्यांच्या मनगटाला ही चाल आपोआप सापडेल. जोर लावला की कण जाड पडतात, हात हलका ठेवला की शाई लोण्यासारखी येते. पहिली दोन-तीन मिनिटे पाणी फक्त करडे होते. मग कडेला तेलकट चमक दिसू लागते, कांडीमागे पडणारी वाट क्षणभर उघडी राहून पुन्हा मिटते, आणि ती वाट मिटायला वेळ लागू लागला की शाई तयार झाली असे समजावे. मला दहा ते बारा मिनिटे लागतात. खोलीभर कापराचा मंद वास पसरतो आणि काय लिहायचे आहे त्याचा विचार तोवर आपसूक पुढे सरकलेला असतो. ही वाट पाहणे अभ्यासिकेतील माणसाला हवेच होते. सू शी हा अकराव्या शतकातला कवी, अधिकारी आणि अक्षरकलेचा मोठा जाणकार. त्याच्याकडे कांड्यांचा मोठा संग्रह होता आणि त्याविषयीच्या एका कवितेत त्याने लिहिले की माणूस शाई उगाळत नाही, शाईच माणसाला उगाळते. आयुष्याच्या अखेरीस हायनान बेटावर हद्दपारीत असताना त्याने तिथे स्वतः शाई बनवण्याचा घाट घातला आणि त्या खटाटोपात घर जळता जळता वाचले. पद गेले, राजधानी सुटली, तरी काजळी धरण्याची हौस सुटली नाही. या वर्गाची संस्कृती दरबाराबाहेर कशावर उभी होती, ते मला या एका प्रसंगातून फार स्पष्ट दिसते.

दगडाच्या बाबतीत मात्र मी एकदा फसले आहे. पहिल्या दिवशी बाजूच्या एका लहानशा दुकानात मला ‘तुआन दगड’ म्हणून एक नक्षीदार वस्तू गळ्यात मारण्यात आली. खरा तुआन दगड ग्वांगतोंग प्रांतातल्या झाओछिंगजवळच्या खाणींतून येतो. तो जांभळट, स्पर्शाला बाळाच्या गालासारखा मऊ, आणि श्वास सोडला की त्यावर दव धरते. माझ्या दगडावर दव धरले नाही, उलट ओल्या फडक्याने पुसल्यावर फडके काळे झाले आणि खालून राखाडी, रवाळ पृष्ठभाग निघाला. त्यामुळे पुढे साधा, नक्षी नसलेला, तळहातात मावेल असा दगड घेतला आणि घेण्यापूर्वी पाणी घालून कांडी फिरवून पाहिली. विकत घेणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की ड्रॅगन, कमळे आणि मासे कोरलेले दगड टाळावेत. कोरीव कामाचे पैसे द्यावे लागतात आणि उगाळायला जागा उरत नाही. सू शीचा समकालीन अक्षरकलावंत ‘मी फू’ याने दगडांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि त्यातही दगडाची पारख तो शाई कशी उतरवतो यावरच केलेली आहे.

बाटली घेतली ती यीदेगे या दुकानातून, जे याच रस्त्याच्या पूर्वेकडच्या भागात आहे. दुकानाच्या परंपरेप्रमाणे १८६५ मध्ये शिए सोंगदाय या विद्वानाने ते सुरू केले. तो स्वतः परीक्षेत अपयशी ठरला होता, आणि परीक्षेच्या वेळी शाई उगाळण्यात किती वेळ जातो हे अनुभवल्यामुळे त्याने उगाळावी न लागणारी, बाटलीत टिकणारी शाई बनवली. ही हकिकत कळली आणि बाटलीकडे पाहण्याची माझी नजर बदलली. परीक्षेची कोठडी म्हणजे तीन भिंती आणि दोन फळ्या. एका फळीवर बसायचे, दुसरीवर लिहायचे आणि रात्री दोन्ही जोडून त्यांवर पाय आखडून झोपायचे. दगड, कांडी, कुंचला, शिदोरी सगळे स्वतःच न्यायचे. अशा ठिकाणी दहा मिनिटांचे मोल काय असेल ते पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत वर्षानुवर्षे बसलेल्या मुलामुलींना सांगावे लागणार नाही.

अक्षराचे महत्त्वही तिथे जीवघेणे होते. आधीच्या परीक्षांत उमेदवाराचे अक्षर ओळखता येऊ नये म्हणून कारकून त्याच्या काळ्या शाईतल्या उत्तरपत्रिकेची लाल शाईत नक्कल करीत आणि परीक्षक ती नक्कल वाचत. पण अखेरच्या राजवाड्यातल्या परीक्षेत मूळ कागदच समोर येई, त्यामुळे एकसारख्या, काळ्याभोर, छापल्यासारख्या अक्षराला वजन आले. गोंग झीजेन हा एकोणिसाव्या शतकातला अत्यंत बुद्धिमान लेखक १८२९ मध्ये जिन्शी झाला, म्हणजे सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाला, पण अक्षर चांगले नाही म्हणून हानलिन अकादमीत, म्हणजे दरबारच्या निवडक विद्वानांच्या संस्थेत, त्याची वर्णी लागली नाही. त्याच्याविषयी अशी आख्यायिका आहे की त्याने घरातल्या बायकामुलींना ते सरकारी वळण गिरवायला लावले आणि बड्या पदवीधराचे कोणी कौतुक केले की तो म्हणे, आमच्या घरातल्या बायकाही असे लिहितात. १९०५ मध्ये परीक्षाच रद्द झाल्या. बाटली मात्र उरली, आणि आज चीनमधल्या शाळकरी मुलांच्या दप्तरातही अशीच तयार शाई असते.

वापरणारी म्हणून बाटलीविषयी सांगायचे तर शाई गडद आहे, एकसारखी उतरते आणि सरावासाठी पुरेशी आहे. दोष इतकाच की ती कुंचल्याच्या मुळाशी घट्ट बसते आणि लगेच धुतले नाही तर केस ताठरतात. शिवाय पाणी घालून पातळ केल्यावर तिच्यातून करड्या छटा निघत नाहीत, त्या कांडीतूनच निघतात. चित्र काढायचे असेल तर कांडीला पर्याय नाही. रोज शंभर अक्षरे गिरवायची असतील तर मी स्वतःही बाटलीच उघडते.

कुंचला झेजियांग प्रांतातल्या हूझोऊकडचा आहे आणि चांगला आहे, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही. कागदाबाबत एक सूचना करते. आनहुई प्रांतातल्या जिंग परगण्यात छिंगतान झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून होणारा कच्चा शुआन कागद शाई टिपून घेतो, कुंचला अर्धा क्षण जरी थबकला तरी डाग फुलासारखा पसरतो, आणि नवख्या माणसाचा धीर खचतो. सुरुवातीला तुरटीचा हात दिलेला पक्का कागद मागावा. कागद शंभर तावांच्या गठ्ठ्याने विकतात, पण कमी तावही मिळतात, ते मागायला संकोच करू नये.

खर्चाचे म्हणाल तर माझी कांडी दोन माणसांच्या साध्या जेवणाइतकी पडली आणि वर्षभराच्या वापरानंतर ती नखभरही झिजलेली नाही. काम झाल्यावर कांडी दगडावर उभी सोडू नये, सरस वाळून ती चिकटते आणि ओढून काढताना दगडाचा टवका निघतो. दगड त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवावा, साबण लावू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात सरसामुळे कांडीवर पांढरी बुरशी धरते. माझ्या कांडीवर जुलैत धरली होती. ती कोरड्या मऊ फडक्याने पुसून काढली, कांडी कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आणि दिवाळीपर्यंत बाटलीवर भागवले.