हक्काचा कर की कंपनीचा करार?
आर्क्टिकच्या तेलातून स्थानिकांच्या पदरात काय पडतं? अलास्काच्या उत्तर टोकाला इनुपियाट या तिथल्या मूळनिवासी लोकांनी 1972 मध्ये नॉर्थ स्लोप बरो हे स्वतःचं स्थानिक शासन उभं केलं आणि प्रूडो बे इथल्या तेलकंपन्यांच्या मालमत्तेवर कर बसवला. गावोगावच्या शाळा, पाणी, रस्ते त्याच पैशातून आले. रशियाच्या नेनेत्स प्रदेशात मात्र कंपन्या रेनडिअर पाळणाऱ्यांच्या सहकारी संस्थांशी करार करून मदत देतात. मदत खरी आहे, पण ती वाटाघाटीत ठरते आणि तिथं पारडं कंपनीचंच जड. मला अलास्काचा मार्ग निःसंशय बरा वाटतो. कर घेताना कुणापुढे हात पसरावे लागत नाहीत. अर्थात तेल आटलं की हा पैसाही आटणार, आणि याच बरोतल्या नुइक्सुट गावच्या शिकाऱ्यांना तेलक्षेत्रांचा वेढा आजच सोसावा लागतोय.